आपांचे पाहुणे

आपांच्या घरी कोणी पाहुणा आला की त्या त्याच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी पायांकडे. पाय धुळीनं भरलेले असले तर पाण्याची बादली पुढे सरकवायच्या, सुजलेले असले तर पाट द्यायच्या, आणि पायांत नवे बूट असले तर आत येऊन मला हळूच सांगायच्या, "हा लवकर जात नाई. तांदूळ जास्त टाक."

हे कशावरून ओळखता, असं मी एकदा विचारलं होतं.

"नवे बूट घालून मानूस कामाले जाते का? पाहुनपनाले जाते."

मी स्वतः त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हा माझ्या चपलेचा अंगठा तुटलेला होता आणि मी तो सेफ्टी पिनेनं अडकवला होता. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मी मिरजेची, आणि सावलीच्या सरकारी रुग्णालयात प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून माझी नेमणूक झाली होती. सावली नकाशात कुठे येते हे आमच्या गल्लीत कोणालाच ठाऊक नव्हतं. गावात एकट्या मुलीला कोणी खोली देईना, तेव्हा डॉक्टरसाहेब म्हणाले, सिस्टरबाईंकडे जा. सगळं गाव ज्यांना सिस्टरबाई म्हणायचं, त्याच आपा. रुग्णालयाच्या मागच्या ओळीतलं शेवटचं क्वार्टर त्यांचं. उंच, हाडापेरानं मोठ्या, पांढरी साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि थंडीतसुद्धा काखेत काळी छत्री. त्यांनी माझ्या चपलेकडे बघितलं आणि म्हणाल्या, "खोली भेटेपर्यंत राह्य इथी."

खोली मला कधी भेटली नाही. आपांनी ती शोधू दिली नाही, आणि पुढे मीही शोधण्याचं नाटक सोडून दिलं.

आपांचं घर चंद्रपूरला, जुन्या परकोटाच्या आत. भावांचं बांगड्यांचं दुकान. लग्नाबद्दल कोणी विचारलं तर "झालं होतं" एवढंच उत्तर मिळायचं, आणि ते अशा आवाजात की पुढचा प्रश्न विचारणाऱ्याच्या तोंडातच राहायचा. नोकरीसाठी घर सोडून त्या इथे येऊन राहिल्या होत्या, पण क्वार्टर एकट्या बाईचं आहे असं कधी वाटलं नाही. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, मागे पडवी, आणि या सगळ्यांत मिळून कोणी ना कोणी पथारी टाकलेलं. कधी चंद्रपूरचे नातेवाईक. कधी वॉर्डातल्या पेशंटची माणसं, ज्यांची गावाकडची शेवटची बस गेलेली. कधी असं कोणी, की दोघींपैकी कोणालाच सांगता यायचं नाही हा कोणाचा कोण.

पाहुणे सांभाळण्याची आपांची स्वतःची अशी पद्धत होती. पहिली गोष्ट म्हणजे कोणालाही रिकामं बसू द्यायचं नाही. आलेल्या दिवशी चहा, जेवण, आराम. दुसऱ्या सकाळी पाहुणा डोळे चोळत बाहेर आला की त्याच्यापुढे सोलायला तुरीच्या शेंगांनी भरलेलं सूप ठेवलेलं असायचं, नाहीतर बोरिंगवरून पाणी आणायच्या कळशा. एकदा त्यांच्या भावाच्या ओळखीचे एक फौजदार मुक्कामाला आले होते. तेही पडवीत मांडी घालून शेंगा सोलत बसले, आणि त्यांचा ड्रायव्हर लाजून जीपच्या मागे जाऊन उभा राहिला.

"मानसाले बसवून ठेवलं ना, का तो घरातले जाळे पाहत बसते," आपा म्हणायच्या. "हाताले काम देल्लं का त्याले जाळे दिसत नाई."

दुसरी गोष्ट म्हणजे अंगणातली लोखंडी खुर्ची. रुग्णालयानं मोडीत काढलेली, एका पायाखाली विटेचा तुकडा लावलेली ती खुर्ची कडुनिंबाखाली, रस्त्याकडे तोंड करून ठेवलेली असायची. ती रुसलेल्यांसाठी होती. पाहुण्यांमध्ये रुसवेफुगवे व्हायचेच. कोणाला मान कमी झाला, कोणाला भाजी गरम मिळाली नाही. असं कोणी फुगलं की आपा त्याला अगदी आदरानं त्या खुर्चीवर नेऊन बसवायच्या, हातात चहा द्यायच्या आणि घरातल्या सगळ्यांना बजावायच्या की आता त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही. समजूत घालायची नाही, बोलवायलाही जायचं नाही. रस्त्यावरून जाणारी माणसं मात्र हाका मारायची, "काऊन जी, रुसले का?" साऱ्या गावाला ती खुर्ची माहीत होती. बहुतेक लोक चहा संपायच्या आत उठून घरात यायचे.

तिसरी गोष्ट, आणि ही मला फार उशिरा समजली. पाहुण्याला कधी जाणार हे त्या विचारायच्या नाहीत, आणि राहा म्हणून आग्रहही करायच्या नाहीत. निघालेल्याला सोडायला मात्र छत्री घेऊन बसस्टँडपर्यंत यायच्या. माणूस बसमध्ये चढला की लगेच पाठ फिरवून चालू लागायच्या. खिडकीतून हात हलवणाऱ्याला त्यांची छत्रीच दिसायची.

त्यांच्या पाहुण्यांतले काही मी अजून विसरले नाही. त्यांच्या वहिनीचे भाऊ माजरीच्या कोळशाच्या खाणीत कामाला होते. हवापालट म्हणून ते आमच्याकडे आले आणि दुसऱ्या दिवसापासून कुरकुर करायला लागले की इथे झोप येत नाही. गाव फार शांत आहे. खाणीजवळच्या वसाहतीत डंपरांचा आणि यंत्रांचा आवाज ऐकत झोपायची त्यांना इतक्या वर्षांची सवय. दुपारी ते छताकडे बघत पडून राहायचे आणि उठून सगळ्यांवर चिडायचे. आपांनी दोन दिवस ऐकून घेतलं. मग माळ्यावरचा जुना टेबलफॅन काढला, त्याचं एक पातं हातानं वाकवलं आणि त्यांच्या उशाशी लावून दिला. पातं जाळीला घासून असा काही खडखडाट करायचं की मला शेजारच्या खोलीत पेपर वाचता येईना. ते गृहस्थ मात्र लहान मुलासारखे झोपले. जाताना तो फॅन मागून घेऊन गेले.

आणि धानोऱ्याकडची एक म्हातारी. तिची सून वॉर्डात भरती होती. म्हातारीनं येताना टोपलीतून कोंबडी आणली होती, कारण घरी तिच्यामागे कोंबडीला बघणारं कोणी नव्हतं. तिला मराठी जेमतेम यायची आणि आम्हाला गोंडी येत नव्हती. कोंबडीनं माझ्या साड्यांच्या पिशवीत बसायचं ठरवलं आणि तिथेच अंडं घातलं. मी तक्रार केली तर आपा म्हणाल्या, "तीबी पाहुनीच हाये. तिनं तं काही आनलं तरी. तू काय आनलं होतं?" म्हातारी हसत होती. तिला काय समजलं कोणास ठाऊक.

असे दिवस चालले असताना माझे मामा-मामी आले.

वडील गेल्यावर मला मामांनी वाढवलं. माणूस वाईट नव्हता, पण घरातली प्रत्येक गोष्ट त्यांच्या हुकमानं व्हायची. एस.टी.त कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्यभर गाड्या वेळेवर सोडल्या, त्यामुळे माणसंही तशीच सुटावीत अशी त्यांची अपेक्षा असायची. मामी त्यांच्यामागून दोन पावलांवर चालायच्या आणि विचारल्याशिवाय बोलायच्या नाहीत. विचारल्यावरही आधी मामांकडे बघायच्या.

माघाचे दिवस होते. गोंदियाच्या गाडीनं नागपूर, तिथून बसनं मूल, मूलहून सावली असा प्रवास करून दोघं दुपारी दारात उभे राहिले. आपांनी पायांकडे बघितलं. मामांच्या पायांत नवे कोरे बूट होते. आपांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला हसू आवरायला स्वयंपाकघरात जावं लागलं.

ते हसू फार टिकलं नाही. घरमालकीण मुसलमान आहे हे कळल्यावर मामांचा चेहरा उतरला. मामींच्या घरी अंडंसुद्धा उंबरा ओलांडत नसे. मामांनी माठातलं पाणी नको म्हणून सांगितलं आणि स्वतः तांब्या घेऊन बोरिंगवर गेले. मला लाजेनं कुठे बघावं कळेना. आपांनी आपली भांडी, स्टोव्ह, डबे उचलले आणि पडवीत नेऊन मांडले. मग रिकामं स्वयंपाकघर झाडून, पुसून मामींना म्हणाल्या, "हे तुमचं घ्या, बाई. पायजे तसं करा. काही लागलं तं मले आवाज द्या."

मामी उंबऱ्यावर उभ्या राहून नुसत्या बघत राहिल्या. बहुधा त्यांना स्वयंपाकघर असं कोणी कधी दिलं नव्हतं. घरी सासूबाई असेपर्यंत ते सासूबाईंचं होतं आणि नंतर मामांचं.

संध्याकाळी मामांनी येण्याचं कारण सांगितलं. मिरजेत एका खासगी लॅबमध्ये माझ्यासाठी शब्द टाकलाय. एक स्थळही बघून ठेवलंय. मार्कंड्याची जत्रा आठवड्यावर आली आहे, आलोच आहोत तर देवाचं दर्शन घेऊ आणि मग सगळे मिळून परत.

"राजीनामा कसा द्यायचा ते मी डॉक्टरांना विचारतो," ते म्हणाले. "तू नुसती सही कर."

मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. ज्या माणसानं शाळेत घातलं, सायकलवर मागे बसवून परीक्षेला नेलं, त्याला नाही कसं म्हणतात हे मला येत नव्हतं. आणि इथलं काम मला आवडायला लागलं होतं. तापानं फणफणलेलं पोर यायचं, मी बोटातून थेंब घ्यायची, काचेवर पसरायची, रंगवायची, आणि सूक्ष्मदर्शकातून बघितल्यावर त्या रक्तात मलेरियाची ती बारीक वर्तुळं दिसायची. मी कागदावर एक शब्द लिहायची आणि त्यावर पोराचं औषध ठरायचं. खासगी लॅबमध्ये असं नसतं असं नाही. पण तिथे मी कोणाची तरी भाची असणार होते. इथे मी मीच होते.

दुसऱ्या दिवशी आपांना विचारलं, काय करू. त्या दोरीवरचे कपडे काढत होत्या.

"मले काऊन विचारून राह्यली? जायचं असन तं तुले सोडाले येतो. राह्यचं असन तं हे चादर धर त्या टोकानं."

मी चादर धरली. तेवढंच.

मामांचं पाहुणपण दिवसेंदिवस अवघड होत गेलं. पाण्याला चव नाही. भात रोज कसा खायचा. पंखा हळू फिरतो. डास. बोरिंगचा दांडा कुरकुरतो. गावात चांगला पेपर संध्याकाळी येतो. आपांनी एकदा मामींना बाजारातून सांभार आणायला सांगितला, तर मामांनी मध्येच तोंड घातलं, "सकाळी सकाळी सांबार कशाला?" इकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात हे कळल्यावर त्यांना तीही एक फसवणूक वाटली. ते रुसले, आणि आपांनी त्यांना मोठ्या मानानं कडुनिंबाखाली नेलं. खुर्चीचा इतिहास त्यांना माहीत नव्हता. त्यांना वाटलं ही खास पाहुण्यांची जागा. रस्त्यावरून हाका यायला लागल्या तेव्हा त्यांनी मला विचारलं, "ही लोकं मला का विचारतायत की रुसलात का?" मी माहीत नाही म्हणाले.

दुसऱ्या सकाळी आपा लसीचा डबा घेऊन निघाल्या होत्या. जाता जाता मामांसमोर थांबल्या.

"भाऊ, तुम्ही एस.टी.तले ना जी?"

"होतो. रिटायर झालो."

"आमच्या स्टँडवर कोनती बस कुठी जाते, कोनालेच समजत नाई. गावाकडचे मानसं विचारत विचारत बस चुकवते. घडीभर पाहून घ्या ना जी, तिथी काय हाये काय नाई."

मामा म्हणाले, ते काही आपलं काम नव्हे. पण बूट घालून गेले. परत आले ते दिवस कलल्यावर, तोंड तापलेलं. "काय अवस्था आहे. गाडी कुठेही उभी करतात. ब्रह्मपुरीची गाडी आली तर लोक गडचिरोलीची समजून चढले. कोणाला काही पडलेलं नाही." त्या दिवशी ते भाताबद्दल काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी न सांगता सकाळीच स्टँडवर गेले. बॅगेतून आणलेली शिट्टी खिशात होती. कंट्रोलर माणूस निवृत्त झाला तरी शिट्टी जवळ ठेवतो, हे मला तेव्हा कळलं. मग रोजच. "मूल, चंद्रपूर, मूल, चंद्रपूर. गडचिरोलीवाले मागं थांबा." तो घोगरा, मिरजेकडचा आवाज रुग्णालयाच्या ओपीडीपर्यंत ऐकू यायचा. गावकरी त्यांना कंट्रोलरभाऊ म्हणायला लागले. मामांच्या तक्रारी काही कमी झाल्या नाहीत. पण आता त्या एस.टी. महामंडळाबद्दल होत्या, त्यामुळे घरात सगळ्यांना बरं वाटायचं.

इकडे मामी. आपांनी त्यांना जत्रेतल्या आरोग्य पथकासाठी कापसाचे बोळे आणि गॉजच्या घड्या करायला बसवलं. मामींचे हात चपळ. दुपारी पडवीत वॉर्डातल्या बायका त्यांच्याभोवती जमायच्या. त्यांची बोली मामींना अर्धी कळायची, मामींची त्यांना अर्धी. एके दुपारी मी जेवायला घरी आले तर पडवीतून मोठ्यानं हसण्याचा आवाज आला. मी क्षणभर ओळखला नाही. मामींच्या घरात इतकी वर्षं वाढले, पण तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्याच दिवशी त्या लाजत म्हणाल्या, तू काय करतेस ते मला दाखव की. मी त्यांना प्रयोगशाळेत नेलं, स्टुलावर बसवलं. एक डोळा मिटून त्या बराच वेळ त्या नळीत बघत राहिल्या.

"हे सगळं त्या एवढ्याशा थेंबात?"

"हो."

"आणि हे तुला ओळखता येतं." हा प्रश्न नव्हता.

महाशिवरात्रीला आम्ही सगळे मार्कंड्याला गेलो. आपांची आणि माझी आरोग्य पथकात ड्यूटी होती. देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर आमचा तंबू, मीठ-साखरेच्या पाण्याचे ड्रम, मलमपट्टीचं टेबल. नदीचं पात्र त्या दिवसांत अर्धं वाळूचंच असतं. पलीकडच्या काठावरून माणसांच्या रांगा वाळू तुडवत येताना दिसत होत्या. मामांना बसगाड्यांची गर्दी दिसली आणि त्यांना राहवेना. त्यांनी मामींना एका चिंचेखाली उभं केलं. "इथंच थांब. हलू नकोस. मी आलोच." आणि शिट्टी काढून गर्दीत शिरले.

परत आले तेव्हा मामी तिथे नव्हत्या.

ते आमच्या तंबूत आले तेव्हा मी पूर्वी कधी बघितले नव्हते असे दिसत होते. टोपी हातात, ओठ कोरडे. "आली का इकडं?" नव्हती आली. मी त्यांच्यासोबत देवळाच्या आवारात फिरले, प्रसादाच्या दुकानांमागे बघितलं, बायकांच्या रांगेत बघितलं. हिरवं लुगडं, हिरवं लुगडं म्हणून ते ज्याला त्याला विचारत होते, आणि त्या जत्रेत निम्म्या बायका हिरव्या लुगड्यांत होत्या. कुठे नदीच्या पाण्यात उतरली असेल तर, असं ते म्हणाले आणि तिथेच मटकन खाली बसले. मी त्यांना कसंबसं तंबूत परत आणलं.

आपा एका पोराच्या गुडघ्याला पट्टी बांधत होत्या. पट्टी पूर्ण केली, पोराला वाटेला लावलं, मग ड्रममधून पेला भरून मामांच्या हातात दिला. मामांनी तो एका दमात रिकामा केला. कोणाच्या हातचं, कुठलं, काहीच विचारलं नाही.

"भाऊ, तिथी माइक हाये," आपा म्हणाल्या. "जा आनि सांगा."

"तिथल्या माणसाला सांगतो."

"त्या मानसाचा आवाज त्या ओळखत नाई. तुम्हीच बोला जी."

हरवलेल्यांची नावं पुकारायचा मांडव समोरच होता. मामांनी माइक हातात घेतला. आयुष्यभर ज्यांनी स्टँडवर गावांची नावं पुकारली, ते त्या माइकपुढे गप्प उभे राहिले. मांडवातल्या माणसानं विचारलं, बाईंचं नाव काय? मामा म्हणाले, आमची मंडळी. तो म्हणाला, मंडळी सगळ्यांचीच हरवते, भाऊ, नाव सांगा. मामांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं असतं, पण आपांनी माझा हात धरून ठेवला होता.

मग मामांनी मामींचं नाव घेतलं. नुसतं नाव. पुढे आडनाव नाही, गाव नाही. भोंग्यातून ते सगळ्या जत्रेवर, देवळावर, वाळूवर पसरलं. काही वेळानं त्यांनी ते पुन्हा घेतलं, या वेळी जरा हळू, "मी इथं आहे, ये," असं जोडून.

मामी नदीकडून आल्या. सावकाश, पदर सावरत, ओल्या पायांना वाळू लागलेली. वॉर्डातल्या ओळखीच्या दोन बायका सोबत होत्या. मामा धावत पुढे गेले आणि त्यांच्यासमोर उभे राहून, सवयीप्रमाणे, ओरडायला लागले. कुठं हरवली होतीस, सांगितलं होतं ना हलू नकोस.

"मी हरवले नव्हते," मामी म्हणाल्या. "नदीवर बसले होते."

"हाक ऐकू आली नाही?"

"आली की. पहिल्यांदाच आली." त्यांनी पायांची वाळू झटकली. "नाव परत एकदा घेताय का बघत होते."

वॉर्डातल्या बायका पदर तोंडाला लावून बाजूला झाल्या. आणि मग मामींनी, माझ्याकडे न बघता, थेट मामांकडे बघून, जे सांगायचं होतं ते सांगून टाकलं.

"पोरीला इथंच राहू द्या."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मी बघून आले तिचं काम. तिला दिसतं ते तुम्हाला मला दिसत नाही. मिरजेला नेऊन काय करायचं तिचं? माझ्यासारखं झाडाखाली उभं करायचं?"

हे त्यांनी रागानं म्हटलं नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, तसं म्हटलं. मी ड्रमच्या मागे जाऊन उगीच पेले विसळत बसले.

दुसऱ्या दिवशी मामा उठले आणि कोणी न सांगता कडुनिंबाखाली जाऊन बसले. आता त्यांना खुर्चीचा अर्थ माहीत होता. आपांनी चहा नेऊन दिला. आम्ही कोणी बोललो नाही. रस्त्यावरून कोणी हाक मारली, "काऊन कंट्रोलरभाऊ, रुसले का?" मामा म्हणाले, "होय." चहा संपवला, उठले, आणि मला म्हणाले, "डॉक्टरांना सांगून येतो, राजीनाम्याचं काही नाही म्हणून."

मामा त्याच आठवड्यात एकटे परत गेले. मामी म्हणाल्या, मी मागून येते. त्या उन्हाळा लागेपर्यंत राहिल्या.

मी नंतर आपांना एकदा विचारलं, त्या दिवशी तंबूतून नदीची वाट तर समोर दिसत होती, तुम्ही मामींना जाताना बघितलं होतं का.

"पाह्यलं ना."

"मग मामांना सांगितलं का नाही? किती घाबरले होते ते."

"पाहुन्यानं कुठी जावं, कुठी बसावं, हे मी काऊन सांगू? ती बाई आपल्या मनानं पह्यल्यांदा कुठीतरी चालली होती. तिच्या मागं मानूस पाठवू का मी?" मग स्टोव्हला पिन मारता मारता म्हणाल्या, "अन् थोडं घाबरलं तं काही होत नाई मानसाले."

मी सावलीत आणखी काही वर्षं काढली. मग बदली होऊन आधी चंद्रपूरला आणि लग्नानंतर सांगलीला आले. लग्न मी ठरवलं, मामांनी वेळेवर लावलं. पण मी सावली सोडल्यावरही मामींचं जाणं सुटलं नाही. दरवर्षी माघात त्या गोंदियाची गाडी पकडायच्या. पहिल्या वर्षी मामा सोबत गेले. पुढे त्यांना गुडघ्यांमुळे जमेना, तर मामी एकट्या गेल्या. भाचीचं घर तिथे उरलेलं नव्हतं, तरी त्यांना ते विचित्र वाटत नव्हतं, आणि आपांना तर अजिबातच नाही. दोघी पडवीत बसून गॉजच्या घड्या करायच्या म्हणे.

आपा निवृत्त झाल्या त्या वर्षी मामींनी त्यांना मिरजेला बोलावलं. त्या येतील असं मला वाटलं नव्हतं. पण आल्या. मी सांगलीहून त्यांना भेटायला सकाळीच गेले. रात्रीच्या गाडीनं येऊन पोचल्या होत्या. नोकरीत असताना आपा पहाटेच उठलेल्या असायच्या, त्यामुळे मला वाटलं, एव्हाना त्यांनी मामींचं अर्धं घर झाडून काढलं असेल. फाटकाशी पोचले तर मामा बाहेर उभे. गुडघ्याला पट्टा बांधलेला, काठीवर भार.

"हळू बोल," ते म्हणाले. "झोपल्यात."

दहा वाजून गेले होते. आत मामी अनवाणी पायांनी वावरत होत्या, कुकरची शिट्टी काढून ठेवलेली, रेडिओ बंद. दाराच्या फटीतून मी बघितलं. मामांच्या पलंगावर, मामांच्याच पांघरुणात, आपा एका कुशीवर झोपल्या होत्या. तोंड थोडं उघडं, घड्याळ काढून उशाशी ठेवलेलं. मी त्यांच्यासोबत इतकी वर्षं राहिले, पण त्यांना उजेडात झोपलेलं कधी बघितलं नव्हतं.

दूधवाला आला आणि त्यानं सायकलची घंटी वाजवायला हात उचलला. मामा काठी टेकत, दुखऱ्या गुडघ्यावर जमेल तेवढ्या लगबगीनं फाटकाबाहेर गेले आणि त्याच्या घंटीवर हात ठेवला.

"आज नको," ते म्हणाले. "आमच्याकडे पाहुणे झोपलेत."